भागुबाईंनी नाव घेतलं

यशवंतपूरचं ते मंगल कार्यालय लग्नसराईतसुद्धा एवढं भरलं नसेल. खुर्च्या संपल्या तशी माणसं जिन्यावर बसली. प्रत्येकाबरोबर घरातलं कुणीतरी म्हातारं, आपल्याच माणसांना विसरलेलं. दारात कॉफी देणारी मुलगी प्रत्येकाची आपुलकीनं विचारपूस करत होती. व्यासपीठावर स्मृतिनाथ स्वामी. तेल लावलेली दाढी, कानाला माइक, आणि तोंडाचा पट्टा असा की विचारू नका.

"आठवण मरत नाही, भक्तहो! ती नाडीत अडकते. डॉक्टर गोळ्या घालून तिला आणखी दाबतात. आम्ही एक फुंकर घालतो, की आली बाहेर!"

हे आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग मोडक्यातोडक्या मराठीत. एकच थाप तीन भाषांत मारली की लोकांना ती खरी वाटते, हे बुवाला पक्कं ठाऊक.

पहिल्या रांगेत अश्लेषा आईवडिलांबरोबर बसली होती. स्मृतिभ्रंशावर संशोधन करण्यात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली आणि फेलोशिप नुकतीच संपली. नव्या अनुदानासाठी वय उलटलेलं, कायमच्या जागेसाठी अनुभव अपुरा. तिचे सर गुरुप्रसाद आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले होते, "स्वल्प थांब, काहीतरी निघेल." निघालं ते हे! स्वामींच्या ट्रस्टनं तिला प्रयोगशाळा देऊ केली, पगारासकट. बदल्यात आज माइकवर एवढंच म्हणायचं, की मी शास्त्रज्ञ आहे आणि हे सगळं खरं आहे. तिला संताप यायला हवा होता. आला नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. म्हणून टाकू, असंच तिनं ठरवलं होतं.

दोनचार म्हाताऱ्यांकडून काहीबाही वदवून झाल्यावर स्वामीनं तिच्या आईला, भागुबाईंना, वर बोलावलं. अप्पा, म्हणजे जयसिंगराव, हात धरून घेऊन गेले.

"अम्मा, हे कोण?" स्वामीनं अप्पांकडे बोट केलं.

आईनं नाही म्हणून मान हलवली. सभागृह हळहळलं. स्वामीनं तिच्या कानात फुंकर मारली आणि गरजला, "अम्मा, नाव घे!"

आईनं पदर सारखा केला. लाजली. म्हणाली, "निपाणीच्या बाजारात गुळाची ढेप, जयसिंगरावांचं नाव घेते, ही पहिलीच खेप!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! बहुतेक लोक कन्नड. त्यांना कळलं एवढंच, की बाईला नवऱ्याचं नाव आठवलं. दोनचार मराठी घरं होती, तीही डोळे पुसत होती.

"आता औषधं कशाला?" स्वामी म्हणाला. चेला हंडा घेऊन फिरू लागला. लोक त्यात गोळ्या टाकू लागले. अप्पांनीही खिशातून पाकिटं काढून टाकली. त्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. ते अश्लेषानं पाहिलं, आणि माइक हातात आला तेव्हा ठरवलेलं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"स्वामीजी, स्वल्प आईशेजारी बसता?"

स्वामी ऐटीत बसला.

"आई, नाव घे."

आई पुन्हा तश्शीच लाजली. पुन्हा तीच गुळाची ढेप, तेच जयसिंगराव, तीच पहिली खेप. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुझ्या शेजारी कोण बसलंय, आई?"

"पाहुणे असतील. चहा दे त्यांना."

"आणि हे?" तिनं अप्पांकडे हात केला.

आई बघत राहिली. "नाही बाई माहीत."

"नाडी पुन्हा अडकली!" स्वामी ओरडला.

"नाडीबिडी काही नाही," अश्लेषा कन्नडमध्ये म्हणाली. "आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते. नाव घे म्हटलं की तोंडातून तो आपोआप येतो. जन्मभर घोटलेलं पाठांतर या आजारात बरेचदा शेवटपर्यंत टिकतं. स्तोत्र, गाणं, पाढे. बाहेर कॉफी देणाऱ्या मुलीनं तुम्हाला विचारलं ना, अज्जी अजून काय म्हणून दाखवतात?"

"हौदु, होय!" शिवकुमार नावाचे गृहस्थ उठले. "मला विचारलं. मी सांगितलं, वडील पाढे म्हणतात. मघाशी इथं त्यांना पाढेच म्हणायला लावले!"

कुजबूज वाढली. स्वामीला अचानक ध्यानाची वेळ आठवली. पडद्याआड गेला तो गेलाच.

"हा आजार बरा करणारं औषध अजून नाही," अश्लेषा सपाट आवाजात म्हणाली. "पण आहेत त्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. आपापल्या उचला."

बाहेर आल्यावर तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

"उखाणा आहे ते मला कळत होतं गं," अप्पा म्हणाले. "पण तिनं नाव घेतलं. मला तेवढंही पुरलं असतं."

"माहीत आहे, अप्पा."

"तुझी प्रयोगशाळा?"

"गेली."

"तुझ्यासारखे आणखी कितीजण हे काम सोडतात?"

"बरेच. पोट कुणाला चुकलंय?"

"मग आम्ही स्वामीकडे नाही जायचं, तर कुणाकडे जायचं?"

अश्लेषानं आईच्या गोळ्यांची पाकिटं अप्पांच्या हातात ठेवली. याचं उत्तर संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारनं द्यायला हवं; वाचकहो, त्यालाच विचारा. औषध शोधणाऱ्यांना अर्ध्या वाटेवर का सोडता, असं मोठ्यानं विचारा. फुंकर मारणाऱ्यापुढे हात जोडत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.