मशीन चालू असताना

आई सगळं विसरत चालली होती; तिच्या डोक्याला काय झालंय ते विचारायला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी मलाच प्रश्न विचारून हैराण केलं. काम काय करायच्या? घरात चूल होती का? डोक्याला कधी मार लागला? साखर, रक्तदाब? ऐकू कधीपासून येत नाही? आईचं अख्खं आयुष्य उकरून काढलं. मी सांगत गेले. उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीत मागावर. तिथे कापसाची धूळ, घरी चुलीचा धूर. चाळिशीतच कान गेले. ऐकायचं यंत्र घेतलं नाही, कारण आई म्हणायची, "घरात ऐकण्यासारखं काय बोलता तुम्ही?"

"मग यातलं कशानं झालं?" मी विचारलं. मला एक गुन्हेगार हवा होता.

"एकावरच खापर नाही फोडता येत," त्या म्हणाल्या. "सगळं थोडं थोडं साचत जातं. कान गेले की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, मेंदूलाही काम कमी उरतं. आणि तुमचं काय? झोप होते का नीट?"

मी ते हसण्यावारी नेलं.

मी घरीच कपडे शिवते. आईला समोर खुर्चीत बसवायचं, एक डोळा तिच्यावर, एक सुईवर. ती मला नावाने हाक मारत नाही, ते एक वेळ चालेल. पण मी तिला कोणी वाटते तरी का, हेच कळत नव्हतं, आणि तेच मला खात होतं. जवळ जाऊन ओरडलं की ती दचकून मान फिरवायची. मशीन चालू केलं की मात्र माझ्याकडे टक लावून नुसते ओठ हलवायची. मशीन थांबलं की ओठ बंद. ते बघून माझं डोकं उठायचं.

त्या दुपारी तिची खुर्ची भिंतीकडे फिरवायलाच मी उठले होते, तेवढ्यात मावशी आली. मावशी म्हणजे गिरणीत आईच्या शेजारच्या मागावर असायची ती.

"बघ ही पुटपुट. दिवसभर हेच," मी म्हणाले.

"चालव बरं मशीन."

मी चालवलं. मावशी आईच्या ओठांकडे बघत राहिली.

"पुटपुट कसली? बोलतेय ती. त्या गोंगाटात आवाज कुठला ऐकू यायचा? आम्ही ओठांवरूनच बोलायचो. मुकादमाची टिंगलसुद्धा त्याच्या तोंडावर करायचो. ही धडधड तिला पायांतून कळत असेल."

"मग काय म्हणतेय?"

"दमलीस म्हणतेय. बस जरा, तुझा माग मी बघते."

माझे पाय थांबले. "म्हणजे मी तिला गिरणीतलीच कोणीतरी वाटते," मी म्हणाले. रडू येत होतं आणि रागही.

"मग विचार की तिलाच. ओरडू नकोस, नुसते ओठ हलव."

मावशीने माझ्या जागी बसून मशीन रिकामंच चालवलं. मी आईसमोर जमिनीवर बसले आणि आवाज न करता विचारलं, मी कोण?

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिचे ओठ हलले. मला काही कळेना. मी मावशीकडे वळले.

"नाव आठवत नाही म्हणतेय," मावशी म्हणाली. "पण सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस म्हणते."

खरंच खाल्लं नव्हतं.

"मावशी," मी म्हणाले, "मशीन बंद नको करूस."