पाच अँपिअरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना बारा व्होल्टचा डबा आहे. आत लोखंडी पट्ट्या, त्यांवर तांब्याच्या तारेचे वेढे आणि बाजूला काचेचा नाजूक फ्यूज. घरची वीज मी बारा व्होल्टवर उतरवतो आणि पाच अँपिअरपर्यंत करंट देतो. बनवणाऱ्यांनी तसं माझ्या कपाळावरच छापलंय. त्याहून जास्त माझ्याच्यानं होत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

उरवडे गावात साळूबाईंकडे आलो, तेव्हा त्यांच्या साऱ्या कोंबड्या मुंगसानं मारल्या होत्या. अंडी तेवढी वाचली, पण उबवायला खुडूक कोंबडी उरली नव्हती. म्हणून त्यांनी थर्माकोलच्या खोक्यात छोटे दिवे आणि पंखा बसवून घेतला आणि सगळं माझ्यावर जोडलं. येताजाता त्या आत डोकावायच्या. "लई गुणाचा हाय माझा डबा," म्हणत पदरानं माझ्यावरची धूळ पुसायच्या. सुखाचे दिवस होते ते.

मग त्यांच्या मुलानं, इंद्रजितनं, 'रूम भाड्याने' अशी झगमगती पाटी आणली आणि तिच्या वायरी माझ्यातच खुपसल्या. खोक्यातले दिवे मंदावले. माझा फ्यूज उडाला.

"आरं, पाटीला येगळा डबा आण की. ह्याच्यावर माझी अंडी हायेत," साळूबाई म्हणाल्या.

"कशाला, आये? गावच्या लाइटीच्या डीपीचा फ्यूज उडाला की आपुन काय करतो? जाड तार घालतो. आता बघ, कसा करंट देतोय!"

त्यानं तंबाखूच्या बोटांनी माझा फ्यूज उपटून फेकला आणि तिथं जाड तार पिळून बसवली. शी! अजून ती आठवली की अंगावर काटा येतो. फ्यूज म्हणजे माझं 'आता पुरे' म्हणणं होतं, आणि तेच त्यानं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साळूबाई नेऱ्याला लग्नाला गेल्या. पाटी लखलखत होती. मी घुमत होतो, तापत होतो, माझ्या वेढ्यांवरचं वार्निश करपून घरभर घाण वास सुटला होता. इंद्रजित बाहेर पाटीचे फोटो काढत होता. शेवटी मी जळालो.

दुपारीच तो नवा डबा घेऊन आला आणि पाटीला जोडला. खोक्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

साळूबाई परतल्या, तेव्हा अंडी गारठली होती. त्यांनी एक फोडलं. आत पिल्लू पुरतं झालेलं होतं, चोचीसकट.

"बाजारातनं आणू की दुसरी," इंद्रजित म्हणाला.

ते मेलेलं पिल्लू साळूबाईंनी त्याच्यापुढं धरलं. त्यानं नाक मुरडून हात मागं घेतला. किळस आली त्याला! तार पिळताना आली नव्हती.

मी आता भंगारात पडलोय. मित्रांनो, जास्त करंट हवा असेल तर जास्त ताकदीचा डबा आणा किंवा जोडीला दुसरा घ्या. पण कुणाचा फ्यूज उडाला तर तिथं तार घालू नका. आधी वायर कुठं जाते ते बघा आणि तिथल्या खोक्याचं झाकण उघडून आत कुणाचा जीव आहे ते पाहा.