चाळीसवर थांबलेला काटा

मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. मोटारीचा वेग दाखवणारा मोठा मीटर नव्हे. त्याच्या डावीकडे पुरीएवढी एक काच दिसते ना, तो मी. इंजिनात तेल किती जोराने फिरतं आहे, एवढंच मी सांगतो. तो जोर गेला की लोखंड लोखंडावर घासतं आणि धावती गाडी क्षणात जाम होते.

माझा जन्म १९६२ सालचा. कारखान्यातल्या चष्मेवाल्या तपासनिसाने मला दहा वेळा तपासलं आणि पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. ती खूण केव्हाच पुसली गेली, पण मी तिला जागलो. इंजिन थंड असताना तेल घट्ट असतं, तेव्हा काटा वर. गाडी तापली, तेल पातळ झालं, की काटा खाली. मालकाला काय आवडेल याचा विचार मी कधी केला नाही.

१९८७ साली पनवेलच्या अय्यूबभाईंनी आमची काळी गाडी घेतली. ते कुवेतला पाण्याच्या कारखान्यात पंपांवर कामाला होते. दिवसभर माझ्यासारखेच मीटर वाचायचे. सुट्टीवर आले की आधी माझी काच रुमालाने पुसत आणि मग किल्ली फिरवत. ते परदेशी असताना गाडी सांभाळायचा कमळाकर. कोन गावचा मिस्त्री, अय्यूबभाईंचा जिवाभावाचा दोस्त. माझा दिवा बदलणारा, माझ्या तारा साफ करणारा माणूस तोच. त्याची बोटं डॅशबोर्डखाली आली की मला भीती वाटत नसे.

अय्यूबभाई कायमचे परत आले आणि २००९ साली त्यांनी इंजिन पुरतं उघडून नवं करायला कमळाकरकडे दिलं. दोन महिने लागले. इंजिन पुन्हा बसवून त्याने गाडी सुरू केली, ती तापली, आणि माझा काटा चारवर येऊन टेकला. चाळीस हवे होते, होते चार. मी जे होतं ते सांगितलं.

कमळाकर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग तो खाली वाकला. इंजिनाकडून माझ्याकडे येणारी तार त्याने कापली आणि तिच्या जागी रेडिओत असतो तसा, वीज ठरावीक मापात अडवणारा, शेंगदाण्याएवढा एक तुकडा जोडला. माझा काटा उठून चाळीसवर गेला आणि तिथेच थांबला. मला ओरडायचं होतं, पण मीटरला काट्याशिवाय जीभ कुठली?

दुसऱ्या दिवशी अय्यूबभाई आले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "वा कमळाकर! तुझ्या हाताला तोड नाही." कमळाकर हसला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

आठवड्याने अय्यूबभाई आणि त्यांची बायको गुलशनभाभी मोरा बंदराच्या धक्क्यावर निघाले. मुंबईहून लाँचने भाभींची नणंद येणार होती. करंजाडे मागे पडलं आणि भाभी म्हणाल्या, "ऐका ना, हा टकटक आवाज कसला?"

"काही नाही. मीटर बघ, पक्के चाळीस."

"तेच म्हणते मी. घरून निघाल्यापासून चाळीसच आहेत. हा काटा हलत कसा नाही?"

मागून कंटेनरचा ट्रेलर हॉर्न वाजवत येत होता. अय्यूबभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मग इंजिन सुरू न करता त्यांनी नुसती किल्ली अर्धी फिरवली. इंजिन गप्प, तेल जागचं हललेलं नाही, आणि माझा काटा टुणकन चाळीसवर. बावीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला. जोडावर पिवळी पट्टी होती. पुढच्या वेळी नखाला सापडावं म्हणून तिचं टोक दुमडून ठेवलेलं होतं. अशी पट्टी पनवेलमध्ये एकच माणूस गुंडाळायचा. त्यांनी पट्टीसकट तो तुकडा काढून मुठीत घेतला आणि फोन लावला. "कमळाकर, तपासणीचा मीटर घेऊन ये."

तो मोटारसायकलवरून लगेच आला. बॉनेट उघडून त्याने इंजिनाला स्वतःचा मीटर लावला. घटकाभर गाडी चालू केली. चार.

"बघू दे," अय्यूबभाई म्हणाले. "आणि आतला चाळीस का दाखवत होता?"

"तो खराब झाला असंल, अय्यूबभाई. जुना हाय. बदलून टाकू."

मित्रांनो, सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी खोटा म्हटलं नव्हतं. म्हटलं ते माझी नस न् नस माहीत असलेल्या माणसाने.

अय्यूबभाईंनी मूठ उघडली. कमळाकरने ती पिवळी पट्टी पाहिली आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

"डोल्यांनी नीट दिसत नाय आता. बेअरिंगचा नंबर वाचायला चुकलो. सैल बसले, तेलाचा जोर पडला. परत उघडायचं म्हणजे तुमाला सांगायला लागलं असतं. लाज वाटली."

"चुकलास ते मी विसरलो असतो," अय्यूबभाई म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "गाडी आणखी वर्षभर उभी ठेवली असती. पण या ट्रेलरांच्या पुढे इंजिन जाम झालं असतं तर? बाजूला गुलशन बसली होती, कमळाकर. तिला तू भाभी म्हणतोस."

भाभींनी रिक्षा थांबवली आणि त्या एकट्याच मोऱ्याला गेल्या. गाडी टेम्पोला बांधून घरी आली.

पुढे दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडलं, योग्य बेअरिंग बसवले, माझी तार पुन्हा जोडली. कमळाकर दोनदा घरी आला. अय्यूबभाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी केली. गाडीचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

आणि मी? माझा काटा पुन्हा जिवंत झाला. चढावर वर जातो, सिग्नलला खाली येतो, जरासा थरथरतो. पण अय्यूबभाईंनी माझ्याखाली एक नवा मीटर बसवून घेतला आहे. आम्ही दोघे नेहमी एकच आकडा सांगतो. तरी गाडी सुरू केली की ते आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात, कामात कुणी नको ती गोष्ट खरी सांगत असेल, तर त्याची तार कापू नका. तार पुन्हा जोडता येते. पण त्यानंतर प्रत्येक वेळी शेजारच्याकडे बघून त्याच्या बोलण्याची खातरजमा केली जाते, आणि ते त्याला रोज, समोर बसून, बघावं लागतं.