एका बाईसाठी मालगाडी

"आजोबा, हे लोक सगळं ट्वाइस का बोलतात?" कानातला इअरफोन दाबत प्रीताने विचारलं.

"तूच सांग. कंट्रोलर म्हणाला थांब, आणि ड्रायव्हरला वाटलं जा म्हणाला. मग?"

"क्रॅश!"

"म्हणून ड्रायव्हर शब्द न् शब्द परत म्हणून दाखवतो. कंट्रोलरने 'बरोबर' म्हटलं की मगच गाडी हलते."

पाणीपुरवठा खात्यात नकाशे तपासून रिटायर झालेले दिगंबरराव प्रत्येक रेल्वेप्रवासात, रेल्वेवाल्यांची रेडिओवरची बोलणी ऐकवणारा हा मुठीएवढा स्कॅनर बरोबर घेत. नेपरव्हिलहून डेन्व्हरला निघालेल्या या गाडीतही दुसरा इअरफोन त्यांच्या कानात होता.

"लोक खिडकीबाहेर बघतात," समोरून पद्मजाबाई म्हणाल्या. "ह्यांना दुसऱ्यांची बोलणी ऐकायची असतात. आता नातीलाही बिघडवा!"

प्रीता हसली. मिसिसिपी केव्हाच मागे पडली होती. बाहेर मक्याची शेतं संपत नव्हती.

थोड्या वेळाने पद्मजाबाईंनी स्वेटरची बटणं सोडली. चेहरा घामाने भिजला होता.

"अहो... छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय."

दिगंबररावांनी कंडक्टरला हाक मारली. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, पद्मजाबाईंना ॲस्पिरिन चघळायला दिली आणि दाराशी जाऊन रेडिओ तोंडाशी धरला. तिचं बोलणं दिगंबररावांच्या कानात उमटलं: वयस्कर बाई, छातीत दुखतंय, पुढच्या गावात ॲम्ब्युलन्स हवी.

"पण आजोबा," प्रीता हळूच म्हणाली, "आपल्याला वेट करायचंय ना? समोरून ती लाँग मालगाडी येतेय."

मघाशी दोघांनीच ते ऐकलं होतं. पुढे रूळ एकच होता. समोरासमोर आलेल्या गाड्यांपैकी एकीने बाजूच्या जोडरुळावर थांबायचं, आणि ती पाळी त्यांच्या गाडीची होती.

मग कंट्रोलरचा आवाज आला, नेहमीसारखाच संथ. त्याने मालगाडीच्या ड्रायव्हरला बोलावलं. बाजूच्या रुळावर जाऊन थांबता येईल का? दोन मैलांची, कोळशाने भरलेली गाडी. क्षणभर नुसती खरखर. मग, "येईल. आत्तापासून ब्रेक लावतो."

कंट्रोलरने हुकूम सांगितला. ड्रायव्हरने तो परत म्हणून दाखवला. कुणी घाई केली नाही, एक शब्द गाळला नाही. दिगंबरराव ऐकत राहिले.

"बरोबर," कंट्रोलर म्हणाला.

दिगंबररावांनी आपला इअरफोन बायकोच्या कानात घातला. "तुझ्यासाठी मालगाडी बाजूला घेतायत."

"इश्श! अख्खी?"

"अख्खी."

त्यांची गाडी न थांबता पुढे निघाली. समोरच्या इंजिनाने आपला दिवा मंद केला होता. त्याचा ड्रायव्हर हातात रेडिओ घेऊन खाली खडीत उतरून उभा होता. शेजारून गाडी जाताना तिची चाकं नीट आहेत का ते पाहायची रेल्वेवाल्यांची रीतच असते.

"तुमची गाडी ठीक दिसतेय," त्याचा आवाज पद्मजाबाईंच्या कानात आला. "जा."

त्यांनी काचेकडे हात उचलला. तो माणूस तोवर मागे पडला होता. कोळशाचा एकेक निश्चल डबा खिडकीवरून सरकत होता, आणि हात खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.