बिलालची सही

हुसेनसाब जन्मभर टेम्पो चालवत आले. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात नेऊन टाकायचे. त्यांचा मुलगा बिलाल मात्र आयटीआय करून फिटर झाला आणि थेट मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये पोचला. समुद्र कसा असतो ते घरात त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका दुपारी त्याचा फोन आला. जहाज सुएझला उभं होतं. पुढे तांबडा समुद्र, आणि त्याच्या खालच्या टोकाला बाब-अल-मंदेब नावाची चिंचोळी सामुद्रधुनी. तिथे येमेनच्या डोंगरांतून जहाजांवर क्षेपणास्त्रं सुटत होती. कंपनीनं प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला होता. धोक्याच्या पाण्यातून जायला माझी हरकत नाही, अशी सही करा, नाहीतर इथंच उतरून विमानानं घरी जा. चौघं उतरले होते. पण उतरलेल्याला जहाजावरची नोकरी देणारा एजंट पुन्हा बोलवत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. काय करू, असं बिलालनं बापाला विचारलं.

हुसेनसाबांनी तासाभराची मुदत मागितली आणि टेम्पो वळवला तो गुरुशांत सरांच्या दाराकडे. सरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. बिलालही त्यांचाच विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर जगातल्या लढायांवर ते व्याख्यानं देत, आणि लोक शेवटपर्यंत बसून ऐकत.

सरांनी चहा मागवला, नकाशा पसरला. आफ्रिकेला वळसा घालायचा तर दहा-बारा दिवस जास्त लागतात, म्हणून हा रस्ता कुणालाच सोडवत नाही, असं समजावलं. ज्याच्या हातात हे दार, त्याच्या हातात अर्ध्या जगाचा बाजार, म्हणाले. हुसेनसाबांना त्यातलं थोडंच कळलं.

"सर, पोरानं सही करावी का न्हाय, तेवढंच सांगा की."

"करू दे," सर म्हणाले. "ते ठरावीक देशांचीच जहाजं मारतात. घाबरून उतरला तर जन्मभर पस्तावेल."

हुसेनसाबांनी त्यांच्या ओट्यावरूनच फोन लावला आणि बिलालला सही कर म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी क्षेपणास्त्र जहाजाच्या कुशीत घुसलं. जहाज बुडायला लागलं तशा सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या, आणि बहुतेकांना दुसऱ्या जहाजानं उचललं. तिघं सापडले नाहीत, त्यात बिलाल. वाचलेल्या एका खलाशानं फोनवर सांगितलं की बिलाल लाइफ जॅकेट घालून उडी मारताना दिसला होता, आणि नंतर बराच वेळ पोहतानाही. आई अजीजानं एवढंच धरून ठेवलं. वळसंगला मामाच्या विहिरीत तो सातव्या वर्षी पोहायला शिकला होता. मय्यत समोर नाही तर नमाज कसली, असं म्हणून तिनं जनाज्याची नमाजसुद्धा पढू दिली नाही.

मार्चमध्ये सरांचं व्याख्यान ठरलं, विषय याच सामुद्रधुनीचा. त्यांनी हुसेनसाबांना आवर्जून बोलावलं. शेवटी त्यांचाच सत्कार करणार होते. नका जाऊ, असं अजीजा म्हणाली. पण मोबाइलवरच्या नकाशात ती जागा बोटाखाली झाकून जायची. हुसेनसाबांना ती मोठी बघायची होती. ते गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

पडद्यावर समुद्र भिंतीएवढा होता. सर रंगात आले होते. "आपल्या सोलापूरचा एक मुलगा इथं गेला," त्यांनी लाल ठिपक्यावर काठी टेकवली. "दोष कुणाचा? माणसाचा नाही. जागेचा. यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडणार नाही." टाळ्या झाल्या.

हुसेनसाब उभे राहिले. "सर, तितनं किनारा किती लांब?"

"अकरा किलोमीटर," सरांनी लगेच सांगितलं. प्रश्नानं त्यांना आनंदच झाला होता. "पण हिवाळ्यात तिथला प्रवाह उत्तरेकडे जातो, आतल्या समुद्रात. किनाऱ्याकडे पोहणारा माणूस किनाऱ्यापासून लांबच जातो."

हुसेनसाबांनी खुर्चीची पाठ धरली.

"सही करू दे म्हणालात, तवा हे ठावं हुतं का तुमाला?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हुसेनसाब, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते सावकाश म्हणाले. "पण मी असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही."

मागून कुणीतरी बसा, बसा म्हणालं. अध्यक्षांनी घाईनं शाल पुढे केली, फोटोवाल्यानं दोघांना जवळ उभं राहायला सांगितलं. सरांचा हात खांद्यावर पडला. हुसेनसाबांनी तो झटकला नाही.

घरी अजीजा दारातच बसली होती. तिनं शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन महिने तिला एकच गोष्ट कळत नव्हती, ती तिनं पुन्हा विचारली. चौघं उतरले, मग आपलाच का नाही उतरला? त्याला कुणी सांगितलं सही कर म्हणून?

हुसेनसाबांनी चपला काढून भिंतीला नीट लावल्या.

"कुणी न्हाय," ते म्हणाले. "त्याची त्यानंच केली."

अजीजानं मान हलवली. मग ती पोराच्या नावानं बोलायला लागली. आईचा विचार न करणारा, हट्टी, स्वार्थी, असं ती आयुष्यात पहिल्यांदाच त्याला म्हणत होती. हुसेनसाब शेजारी बसून ऐकत राहिले.