थोटकाने पळवलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना शाईपेन आहे. निब सोनेरी, अंग काळंभोर, राहायला मखमली पेटी. माझी मालकीण दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते आणि एका साप्ताहिकात स्वतःच्या आयुष्यावर लेख लिहिते. डॉक्टरीणबाईंनी निवृत्त होताना मला तिच्या हाती दिलं, तेव्हा सगळ्यांनी माझं तोंडभर कौतुक केलं होतं.

पण लेखाचा कच्चा मजकूर लिहायचं कोण? पेन्सिलीचं थोटूक! चावलेलं, बोटभरही नसलेलं. ते दवाखान्याच्या पाठकोऱ्या कागदांवर खरडायचं आणि मी मागाहून सुवाच्य अक्षरात उतरवायचो. त्याच्यासोबत ती हसायची, रडायची. माझ्यासोबत नुसती ताठ बसायची. माझा अगदी जळफळाट व्हायचा.

एकदा तिने वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर लिहिलं. थोटकाने खरडलं, 'धाकट्या बहिणीला म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती. मला जायचं नव्हतं.' पक्कं करताना तिचा हात थबकला. मग मी ऐटीत लिहिलं, 'कर्तव्याच्या पाशांनी मला जखडलं होतं.' काय वाक्य होतं!

नवऱ्याने मात्र घाईत पाकिटात भलतेच कागद घातले. थोटकाचे! लेख तसाच छापून आला. अंक पाहून तिने तो घाईने मिटला.

"धाकटी आता माझं तोंड बघायची नाही," म्हणाली.

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता थोटूक नक्की केरात जाणार!

रविवारी धाकटी दारात उभी.

"ताई, सुट्टी होती हे मला तेव्हाच कळलं होतं गं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. नऊ वर्षं."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. वाचकांचीही ढीगभर पत्रं आली. 'माझंही असंच झालं होतं,' असं कितीतरी जणांनी कळवलं. माझे पाश कुणाला ठाऊकच नव्हते.

थोटूक आता चिमटीतही धरता येत नाही, म्हणून तिने ते जपून ठेवलंय. कुठे? माझ्या मखमली पेटीत! मी टाचण्यांच्या डब्यात.

मित्रांनो, आमची निब धुवा, टोपण लावा, शाई वाळू देऊ नका. पण आम्हाला नुसतं मिरवायला ठेवू नका. जे लिहायची लाज वाटते, तेही आमच्याकडून लिहून घ्या.

आज सकाळी तिने मला डब्यातून उचललं, पाठकोऱ्या कागदावर टेकवलं आणि लिहिलं, 'मला धाकटीचा कायम हेवा वाटत आला.' खोडलं नाही.

मी एकदाही अडखळलो नाही. ते वाक्य मला पाठच होतं.