बामीबाईच्या पाठीतल्या उघाड्या

बामीबाईच्या अंगात भरती येऊ लागली, त्याला त्या दुपारी अकरा दिवस झाले होते. खाडीला पाणी चढे तशी तिची पावले सुजत, पोटऱ्या तटतटत. ओहोटी लागली की त्या पुन्हा सुरकुतून जात. तिच्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याएवढ्या दोन सागवानी उघाड्या होत्या. मिठागरात समुद्राचे पाणी घ्यायला आणि सोडायला असतात तशाच, फळीच्या. त्या सांभाळण्याचे काम साहजिकच हसुरामकडे आले. तो तिचा मुलगा होता आणि मिठागरावर हेच काम करीत होता.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर दंडाला पट्टा बांधून पारा वाचीत. पारा चढला की हसुराम फळ्या उचले, उतरला की खाली ढकले. उचलायला उशीर झाला तर आई फुटेल आणि फार वेळ उचलून ठेवल्या तर सुकून जाईल, असे त्यांनी पहिल्याच दिवशी पट्ट्याची घडी घालता घालता सांगितले होते.

अकराव्या दुपारी उधाण होते. घराच्या भिंती रोज थोड्या खचत आता गुडघ्याएवढ्याच उरल्या होत्या आणि त्यांना बांधाच्या चिखलाचा वास येत होता.

"दोनशे दहा," सिस्टर म्हणाल्या. "सोडा."

हसुरामने फळीच्या फटीला बोट लावले आणि सवयीने जिभेवर टेकवले. मिठागरात चाखल्याशिवाय पाणी कोणी सोडीत नाही.

"कसा लागतंय?" बामीबाईने विचारले. तिने चाळीस वर्षे मीठ ओढले होते.

"पिकलंय, आये."

ती हसली. तिच्या गालांत पाणी हलले. "मंग सोरतंस कसा? तुजा बापूस असता त हात तोरला असता तुजा."

सिस्टरनी आवाज न चढवता पुन्हा सोडायला सांगितले. हसुरामला ते कळत होते. पण पिकलेले, मीठ धरायला आलेले पाणी खाडीत घालवणारा माणूस त्याच्या घराण्यात झाला नव्हता, आणि हातांना घराणेच तेवढे ठाऊक होते. त्याने दोन्ही फळ्या खाली दाबल्या.

पारा नळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बामीबाईच्या पापण्यांवर मिठाची पातळ, पांढरी साय धरली. तेव्हा भानावर येऊन त्याने फळ्या उपसायला घेतल्या; लाकूड फुगून बसले होते. त्याची नखे मोडली. तो तिला हाका मारीत राहिला. तिच्या अंगावर वाऱ्याने बारीक लहरी उठल्या, एवढेच.

सावली पडली म्हणून त्याने वर पाहिले. बुटक्या भिंतींपलीकडे मिठागरातल्या बायका टोपल्या घेऊन रांगेने उभ्या होत्या. पहिलीने लुगडे वर खोचले, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि पाऊल आत टाकले.